तुंब्यापासून बेअरिंगपर्यंत

1871 साली सोलापूर–रायचूर रेल्वे सुरू झाली आणि गाणगापूरचे यात्रेकरू स्टेशनापर्यंत आगगाडीने येऊ लागले. पुढचे सुमारे 20 किलोमीटर मात्र बैलगाडीचेच. आमचे आजोबा त्याच वाटेवर गाडी हाकत. चाकाचा तुंबा करकरू लागला की खीळ काढून चाक बाहेर ओढत आणि काजळी मळलेलं एरंडेल आसाला चोपडत. हे काम घरातल्या पोरासोरांनाही येई.

मी जीप चालवली. चाक घरघरलं की दुसऱ्या चाकांना दगड लावून जॅक चढवायचा, पान्याला पाइप जोडून नट सोडवायचा, बेअरिंगचा जुना कप, म्हणजे बाहेरचं कडं, पितळी दांड्याने चहूबाजूंनी हलके ठोकत काढायचा. नवा बसवताना तोच जुना कप वर ठेवून हातोडा मारायचा. नव्या पोलादावर थेट घाव कधीच नाही. मग चाक फिरवत नट आवळायचा, किंचित सैल करायचा, नवी कॉटर पिन घालायची.

निमुळत्या रोलरच्या या बेअरिंगचं पेटंट 1898 सालचं, हेन्री टिमकेनचं. तो मूळचा घोडागाड्या बनवणारा. म्हणजे ही युक्तीही गाडीच्याच धंद्यातली!

भीमाकाठचे जुने गाडीवान अजून भेटतात. त्यांच्याकडून वंगणाच्या रीती आताच लिहून घ्या.