शिवाजीनगरची पंगत

पुण्यात 'आश्रम' म्हटलं की माझ्या पिढीला कोरेगाव पार्क आठवतं. शिवाजीनगरात, आपण रोज बस आणि मेट्रोसाठी धावतो त्या भागात, एक ख्रिस्ती आश्रम उभा राहिला आणि तिथे कॅथॉलिक नन्स जमिनीवर बसून उपनिषदं वाचत होत्या, असं कुणाला सांगितलं तर पहिली प्रतिक्रिया "काहीतरीच काय" अशीच येते. तर मंडळी, या वीकेंडला त्या आश्रमाबद्दल. नाव ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. धर्मशास्त्र मला फारसं कळत नाही, त्यामुळे मी हा इतिहास जेवणाच्या बाजूने सांगणार आहे. कोण कोणाबरोबर जेवतं, हे पुण्यात कधीच साधं प्रकरण नव्हतं.

पुरावा हवा असेल तर १८९० सालात जा. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुणेकरांपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हती, त्यात न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, आणि काडी टाकण्यात पटाईत) हजर असणाऱ्यांची नावं छापून आणली. मग चहा कोण प्यायला, कोणी नुसता कप हातात धरला, यावर शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवट प्रायश्चित्तांनी झाला. एका कप चहासाठी!

या मिशनशी नातं असलेला नन्सचा एक संघ होता, इंग्लंडमधल्या वाँटेज गावचा. या सिस्टर्स १८७७ पासून पुण्यात होत्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्याकडेच राहिल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाँटेज हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पंगतीची दुसरी बाजू ख्रिस्ती मिशनमध्येही होतीच. मिशनरी साहेब बंगल्यात, टेबल-खुर्चीवर. त्याच्या हाताखालचा देशी प्रचारक कंपाउंडच्या कडेच्या खोलीत, कितीतरी कमी पगारावर. प्रवचनात दोघे भाऊ, पण पे-स्केल वेगळा. (आपल्या क्षेत्रात 'ऑनसाइट' आणि 'ऑफशोअर' म्हणतात ना, तसंच काहीसं.) रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सलत होतं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काढून त्यांनी १९१७ मध्ये राजीनामा दिला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार तिथेच थांबला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांचं स्वतःचं सोवळं कसं एकेक पायरी उतरत सुटलं ते आहे. स्वयंपाकघर हे धर्मांतराचं खरं मैदान असतं, हे त्या पुस्तकाइतकं स्पष्ट मला कुठेच दिसलं नाही.

टिळकांच्या विचाराने भारलेला एक इंग्रज होता, जॅक विन्स्लो. शाळा ईटन, कॉलेज ऑक्सफर्डचं बॅलिअल, म्हणजे साहेबांमधला साहेब. १९१४ मध्ये अँग्लिकन मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला आणि अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) कामाला लागला. टिळकांचं इंग्रजी चरित्रही त्याने १९२३ मध्ये लिहिलं. बंगल्यात राहून 'बंधू' म्हणण्यात अर्थ नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. जून १९२२ मध्ये नगरला काही देशी सोबत्यांना घेऊन त्याने 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. नियम कागदावर सोपे होते. खादी घालायची, शाकाहार करायचा, जमिनीवर बसून हाताने जेवायचं, आणि साहेब-देशी असा भेद ठेवायचा नाही.

१९२७ मध्ये इंग्लंडहून नव्या तरुणांची तुकडी आली आणि संघ पुण्याला हलला. जागा मिळाली शिवाजीनगरात. (जुने लोक भांबुर्डे म्हणायचे.) या तुकडीत व्हेरिअर एल्विन होता, ऑक्सफर्डचा हुशार विद्यार्थी, वय पंचविशीचं. म्हणजे आपल्यातले बरेच जण पहिल्या प्रोजेक्टवर बेंचवर बसतात त्या वयात हा माणूस पुण्यात जमिनीवर झोपायला शिकत होता.

अशा घराचा दिवस कसा जातो? कुठल्याही व्रतस्थ संघाचा दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठणं, मौनात ध्यान, सकाळची प्रार्थना, मिस्सा, मग न्याहारी. त्यानंतर कामं, आणि ती वाटून दिलेली. कोणी झाडू मारतो, कोणी भाजी निवडतो, कोणी हिशोब लिहितो, कोणी आलेल्या पाहुण्याशी बोलत बसतो. दुपारी पुन्हा प्रार्थना, जेवण, थोडी विश्रांती, अभ्यास. दिवेलागणीला परत प्रार्थना, आणि रात्री झोपण्याआधीची शेवटची झाली की सकाळपर्यंत कोणी बोलायचं नाही. पैसे कोणाचे वैयक्तिक नाहीत, जे येईल ते सामाईक. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. मला विचाराल तर त्यात सगळ्यात अवघड तिसरं. भाजी निवडायचा कंटाळा आलेला असताना ती निवडत राहणं हीच बहुतेक खरी साधना असावी.

पण या घरात फक्त व्रतस्थ नव्हते, आणि इथेच मला या प्रयोगात रस वाटतो. असिसीच्या फ्रान्सिसच्या परंपरेत तेराव्या शतकापासून एक सोय आहे, 'तिसरा संघ'. पहिला ब्रदरांचा, दुसरा नन्सचा, तिसरा प्रापंचिकांचा. नोकरी करा, संसार करा, घरीच राहा, पण एक नियम पाळा आणि संघाच्या कामाला हातभार लावा. आपल्याला हे समजायला वेळ लागायचं कारण नाही. गळ्यात माळ घातलेला वारकरी नेमका हेच करतो. शेती सोडत नाही, बायकापोरं सोडत नाही, पण एकादशी चुकवत नाही, वारी चुकवत नाही. विन्स्लोच्या संघाने ही तिहेरी रचना घेतली. पुढे आल्जी रॉबर्टसन हा इथलाच एक ब्रदर इंग्लंडला परतला, आणि १९३७ मध्ये तिथे अँग्लिकन फ्रान्सिस्कनांचा जो मोठा संघ उभा राहिला त्यात त्याचा महत्त्वाचा वाटा होता. म्हणजे त्या संघाचं एक मूळ नगर-पुण्याच्या मातीत आहे. आपल्याकडून तिकडे गेलेल्या गोष्टींच्या यादीत हे सहसा कोणी धरत नाही.

आश्रमात आलेल्या मराठी तरुणांपैकी एक शामराव हिवाळे. एल्विन आणि शामरावांची मैत्री इथलीच. १९२८ च्या जानेवारीत एल्विन साबरमतीला गेला, गांधींना भेटला, आणि परत आला तो बदलूनच. १९३० च्या सत्याग्रहात त्याने उघड बाजू घेतली. सरकार आणि चर्च दोघांच्याही भुवया वर गेल्या. १९३१ मध्ये त्याने संघ सोडला, आणि १९३२ च्या सुरुवातीला तो आणि शामराव मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. पुढे एल्विनने चर्चही सोडलं, मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलं, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळवलं. शामरावांचं नाव मात्र तळटिपेत राहिलं. नेहमीचंच.

विन्स्लो स्वतः १९३४ मध्ये मायदेशी परतला. त्याच वर्षी संघाची दोन शकलं झाली, आमच्या भाषेत कोड फोर्क झाला. शिवाजीनगरच्या शाखेने नावात 'प्रेम' घातलं, 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ'. (भांडणानंतर नावात 'प्रेम' घालणं यात मला थोडी गंमत वाटते, पण असो.) त्यातले विल्यम लॅश १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले. नंतरच्या काळात ब्रदर कमी होत गेले.

आतापर्यंतची ही सगळी मंडळी अँग्लिकन. कॅथॉलिक कुठे आहेत, असं विचाराल तर ते आता येताहेत. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि बऱ्याच खिडक्या उघडल्या. एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतातल्या मिस्सेसाठी बारा मुद्द्यांची परवानगी दिली. जमिनीवर बसा, चपला बाहेर काढा, हात जोडून नमस्कार करा, समई लावा, आरती करा, वगैरे. विन्स्लोने 'द युकॅरिस्ट इन इंडिया' हे पुस्तक लिहून भारतीय पद्धतीच्या उपासनेची मांडणी केली होती १९२० मध्ये. म्हणजे अधिकृत मंजुरी यायला जवळपास पन्नास वर्षं. सरकारी फाइलच जणू.

१९७२ मध्ये शिवाजीनगरच्या जागेत नव्याने सुरुवात झाली, आणि या वेळी बायकांनी केली. एका बाजूला त्याच वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्स, दुसऱ्या बाजूला सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथॉलिक धर्मभगिनी. एकच घर, एकच स्वयंपाकघर, आणि दोन वेगळी चर्च. कॅथॉलिक बाजूच्या वंदना माताजी जन्माने पारशी, मुंबईच्या सोफिया कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. दुसऱ्या सारा ग्रँट, १९५६ मध्ये भारतात आल्या, सोफियातच तत्त्वज्ञान शिकवलं, शंकराचार्यांच्या 'संबंध' या संकल्पनेवर पीएचडी केली. पुढे बरीच वर्षं त्या आश्रमाच्या आचार्या होत्या. सकाळ-संध्याकाळचं ध्यान, बायबलबरोबर उपनिषदांचं आणि गीतेचं वाचन, आरती, शाकाहारी जेवण. दार सगळ्यांना उघडं. कोणी प्रापंचिक चार दिवस राहायला यायचा, तोही झाडलोटीत आणि भाजी निवडण्यात सामील. पाहुणा आणि स्वयंसेवक यात इथे फारसा फरक नसायचा.

ऐकायला छान वाटतं, पण प्रश्न आहेत, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९८८ मध्ये सीताराम गोयल यांनी कॅथॉलिक आश्रमांवर पुस्तकच काढलं. भगवी वस्त्रं, ओंकार, आरती हे सगळं हिंदूंना फसवायचं सोंग आहे, हा त्यांचा आरोप. मला तो या आश्रमाला नीट लागू होतो असं वाटत नाही. फसवायचं असतं तर शंकराचार्यांवर पीएचडी करण्याइतका लांबचा रस्ता कोणी घेत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो, आणि तो दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारला. 'भारतीय' म्हणजे कोणाचं भारतीय? विन्स्लोने काम सुरू केलं त्या नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. संस्कृत श्लोक, शाकाहार, संन्यास ही त्यांची परंपरा नव्हेच. ज्या व्यवस्थेने त्यांना गावाबाहेर ठेवलं तिचीच ही चिन्हं. इंग्रज साहेब काटा-चमचा सोडून 'भारतीय' होतो तेव्हा तो नकळत ब्राह्मणी घरातल्या पाटावर जाऊन बसतो. टिळक स्वतः चित्पावन होते, आणि खादी-शाकाहाराचा हा नमुना गांधींच्या आश्रमाच्या जवळचा. हे खरं आहे आणि त्याला पुरेसं उत्तर आश्रमाकडे होतं असं मला दिसत नाही. पण तरी, १९२० च्या दशकात एक गोरा माणूस आणि गावकुसाबाहेरून आलेल्या घरातला मुलगा एका पंगतीत मांडीला मांडी लावून जेवू शकतात, असा नियमच करणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. चहाच्या प्रायश्चित्ताला तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती.

आणि तिसरी अडचण घराच्या आतली. भाजी-भाकरी सगळ्यांची एक, पण मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद एक नाही. तेराव्या लिओ या पोपनी १८९६ मध्ये जाहीर केलं की अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षाच मुळात अवैध. त्यामुळे कॅथॉलिक माणसाने त्यांच्या हातचा प्रसाद घ्यायचा नाही. उलट बाजूने अँग्लिकनांना कॅथॉलिक मिस्सेत प्रसाद द्यायचा तर तोही अपवादात्मक परिस्थितीतच, हे १९८३ च्या कॅथॉलिक कायद्यात लिहिलेलं आहे. १९७० मध्ये उत्तर भारतातले अँग्लिकन इतर प्रोटेस्टंटांबरोबर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त विलीन झाले, पण त्याने रोमच्या नियमात काही फरक पडला नाही. म्हणजे बघा, ज्या बायका सकाळी एकत्र ध्यानाला बसतात, एकाच चुलीवरचं जेवतात, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसतात, त्यांना ज्या एका घासासाठी हे सगळं चाललंय तोच घास एकत्र घेता येत नाही. रानडे आणि टिळकांच्या वेळी चहा नको म्हणणारे शंकराचार्य होते, इथे रोम होतं.

सारा ग्रँट यांनी १९८९ मध्ये केंब्रिजची टीप व्याख्यानं दिली. १९९१ मध्ये ती पुस्तक होऊन आली आणि उपशीर्षकात त्यांनी स्वतःला 'अद्वैती ख्रिश्चन' म्हणवून घेतलं. वंदना माताजी तोपर्यंत उत्तरेत हिमालयाच्या बाजूला नवा आश्रम काढून गेल्या होत्या. पुढे साराबाईही वारल्या. १८९६ चा तो निर्णय रोमने अजून मागे घेतलेला नाही.