शर्टावरचे दोन शब्द

१९७५ साली लंडनच्या किंग्ज रोडवरील एका कपड्यांच्या दुकानात जॉन लायडन नावाचा तरुण येत असे. पिंक फ्लॉइड या विख्यात वाद्यवृंदाचे नाव छापलेला शर्ट त्याच्या अंगात असे. मात्र त्या नावावर 'मला तिटकारा आहे' अशा अर्थाचे दोन शब्द त्याने स्वहस्ते लिहिले होते. दुकानाचे चालक माल्कम मॅक्लारेन यांनी त्याला हेरले आणि तो 'सेक्स पिस्टल्स'चा गायक झाला.

हा तिटकारा कशाचा? त्या काळी नामांकित रॉक वृंदांची एकेक रचना वीस-वीस मिनिटे चाले, रंगमंचावर यंत्रांचा डोंगर असे. बेकारीच्या छायेत वाढलेल्या पोरांस ते गाणे आपले वाटेना. मोजके सूर आले की गाणे उभे करावे, हा त्यांच्या पंक संगीताचा बाणा.

पण खरेपणाची कसोटी ती लावणाऱ्यासही सोडीत नाही. जानेवारी १९७७ मध्ये 'द क्लॅश' या पंक वृंदाने बलाढ्य सीबीएस कंपनीशी करार केला मात्र, पंकांचेच हस्तपत्रक चालविणाऱ्या मार्क पेरी याने पंकचा मृत्यू जाहीर केला!

त्याच वर्षी जुलैत लायडन कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका घेऊन आला. त्यांत पीटर हॅमिल होता. म्हणजे ज्या लांबलचक रचनांच्या पंथावर पंकांचा रोष, त्याच पंथातला. मला त्या शर्टापेक्षा हे धाडस मोठे वाटते. पुढे २०१० साली तर पिंक फ्लॉइड न आवडणे हा वेडेपणाच, असेही तो बोलून गेला.