छपरावरची वीज : विकलेली की वाचवलेली?

एखाद्या शाळेच्या छपरावर दुसऱ्याच कोणी स्वखर्चाने सौरपट्ट बसवले आणि शाळेने त्याला युनिटप्रमाणे पैसे दिले, तर तो वीज कंपनी ठरतो काय? प्रश्न शाब्दिक वाटतो. पण अमेरिकेत त्याच्या उत्तरावर अनेक सौरप्रकल्प अडून राहिले.

याचे मूळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी खांब रोवणे म्हणजे दुप्पट खर्च. म्हणून एका भागात एकच कंपनी आणि तिच्या दरांवर सरकारी आयोगाचा अंकुश, ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या राज्यांत रुजली. वीज तेव्हा दूरच्या केंद्रातूनच येई. ती छपरावर तयार होईल हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

आयोवा राज्यातील डब्यूक शहराला नगरपालिकेच्या इमारतीवर सौरपट्ट हवे होते. यंत्रणेच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम केंद्रीय आयकरातून वजा करता येई. पण नगरपालिका आयकर भरतच नाही, मग वजावट कशातून मिळणार? म्हणून ईगल पॉइंट सोलर कंपनीने यंत्रणा आपल्या मालकीची ठेवावी आणि नगरपालिकेने युनिटचे पैसे द्यावेत, असा वीजखरेदी करार ठरला. २०१२ मध्ये राज्याच्या आयोगाने तो बेकायदा ठरवला : ही जनतेला वीजविक्री आहे, आणि या भागात तो हक्क दुसऱ्या कंपनीचा आहे. जिल्हा न्यायालयाने हा निर्णय फिरवला. ११ जुलै २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही करार वैध ठरवला. ही वीज ग्राहकाच्या मीटरच्या आतच तयार होऊन वापरली जाते. तेव्हा हे विजेची बचत करण्यासारखेच आहे, असा त्यामागचा विचार होता.

याचा परिणाम काय? भांडवल नसलेल्या संस्थांनाही सौरवीज आवाक्यात आली. परंतु वीज कंपनीची तक्रारही पोकळ नव्हती. युनिटे कमी विकली गेली तरी तारा आणि रोहित्रांचा खर्च तेवढाच राहतो. तो उरलेल्या ग्राहकांवर पडू शकतो. पर्यावरणाचा हिशेबही सावधपणे करायला हवा. २०१४ मध्ये आयोवाची निम्म्याहून अधिक वीज कोळशाची होती, पण चौथ्या हिश्शाहून अधिक वाऱ्याची. त्यामुळे छपरावरच्या प्रत्येक युनिटामागे कोळसाच वाचला असे म्हणता येत नाही.

इतर राज्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. जॉर्जियाने २०१५ मध्ये कायदा करूनच असे करार खुले केले. उलट नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो येथील एका चर्चच्या छपराचा वाद २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एकाच ग्राहकाला विकलेली वीजही जनतेला विकलेलीच, असा निकाल लागला. मात्र पट्ट भाड्याने देण्यास तिथल्या २०१७ च्या कायद्याने मुभा दिली होती. म्हणजे तोच पट्ट आणि तेच ऊन. पैसे महिन्याप्रमाणे घेतले तर चालतील, युनिटप्रमाणे घेतले तर नाही!

सौरघट कसा चालतो हे आपण वर्गात शिकवतो. तो कोणाच्या छपरावर चढतो, हे मात्र भौतिकशास्त्राबरोबरच कायद्यातल्या एका शब्दाच्या अर्थावरही ठरते, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.