गिरणगावातील खाणावळी : पगाराच्या तारखेवर उभा राहिलेला धंदा

मुंबईतील पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेव येथे ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत लालबाग, परळ, शिवडी, वरळी आणि डिलाइल रोड या भागांत जे गिरणगाव वसले, त्याच्या इतिहासात मालक, जॉबर (कामगारांची भरती करणारे मुकादम) आणि कामगार संघटना यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र या कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्यांचा उल्लेख बहुधा कामगारांच्या हालअपेष्टांच्या वर्णनात ओझरता येतो आणि चालतीबोलती उद्योजक म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः भांडवल जवळजवळ नाही, जागा म्हणजे चाळीतील एक खोली आणि जाहिरातीचा प्रश्नच नाही, अशा अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला हा छोटा व्यवसाय गिऱ्हाइकाची गरज नेमकी ओळखण्यावरच उभा होता.

ही गरज शहराच्या लोकसंख्येच्या रचनेतूनच निर्माण झाली होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून येणारा पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एकटा मुंबईत येई, कारण गिरणीच्या पगारात येथे संसार थाटणे परवडत नसे आणि गावाकडची शेती सांभाळायलाही कोणीतरी हवे असे. 1921 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सुमारे सव्वापाचशे होती, आणि त्याच सुमारास सरकारच्या कामगार खात्याने केलेल्या पाहणीत कामगार कुटुंबांपैकी 97 टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. एकट्या पुरुषांपैकी अनेकजण गावकीच्या खोलीत, म्हणजे एका गावच्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या सामायिक खोलीत, वळकटी आणि ट्रंक ठेवून राहत. तेथे झोपण्याची सोय होई, पण दिवसभर यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला चूल पेटवून स्वयंपाक करण्याइतकी जागा, वेळ किंवा त्राण उरत नसे. ही उणीव भरून काढली ती शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बाईने. कधी ती विधवा असे, कधी नवरा आजारी किंवा बेकार असलेली, तर कधी गिरणीतून कमी केलेली स्वतःच कामगार असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांपासून गिरण्यांतील स्त्रियांच्या नोकऱ्या घटत गेल्यावर घरच्या चुलीवर पाच-दहा परक्या माणसांचा स्वयंपाक करणे हा ज्या थोड्या वाटा उघड्या होत्या त्यांपैकी एक ठरला.

खाणावळीचे वेळापत्रक घराच्या घड्याळावर चालत नसे. ते भोंग्यावर, म्हणजे पाळी सुरू झाल्याचा इशारा देणाऱ्या गिरणीच्या शिट्टीवर चाले. एकच लांब दिवसपाळी होती तोवर पहाटे जेवण किंवा न्याहारी, मधल्या सुटीला डबा आणि संध्याकाळी पान हा क्रम पुरेसा असे. परंतु 1934 च्या कारखाने कायद्याने कामाचे तास आठवड्याला 54 पर्यंत कमी केले, त्यानंतर रात्रपाळीचा प्रसार झाला आणि दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढल्यावर गिरण्या चोवीस तास धडधडू लागल्या, तेव्हा खाणावळवालीचे सगळे गणित बदलले. एकाच खोलीत एकजण मध्यरात्री पाळी संपवून भुकेला येई, दुसरा पहाटे निघण्याआधी भाकरी मागे आणि तिसरा दिवसा झोपून दुपारी उठून जेवे. यामुळे शेगडी क्वचितच विझे आणि बाईची झोप तुकड्यातुकड्यांत होई. मधल्या सुटीत गिरणीच्या फाटकावर डबे पोहोचवणाऱ्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका हे याच व्यवस्थेचे रस्त्यावर दिसणारे रूप होते. आठवड्याला पाळी बदलली की कोणाचा डबा कोणत्या वेळी न्यायचा याची सारी जुळणी नव्याने करावी लागे आणि ती बहुतेक वेळा कागदाशिवाय, केवळ ध्यानात ठेवून केली जाई.

चवीच्या बाबतीतही हा व्यवसाय सरधोपट नव्हता. कोकणातल्या माणसाला भात आणि मासळीचे कालवण, निदान सुकट-बोंबील, हवे असे. घाटावरच्या माणसाचे पोट ज्वारी-बाजरीच्या भाकरीवाचून आणि झणझणीत कोरड्यासावाचून भरत नसे. माळकऱ्याला मांसमच्छी चालत नसे, आणि खाणारे असले तरी सोमवार, श्रावण, संकष्टी असे पाळण्याचे दिवस प्रत्येकाचे वेगळे असत. त्यामुळे खाणावळी बहुधा एखाद्या जिल्ह्याच्या, कित्येकदा एखाद्या तालुक्याच्या माणसांभोवती जमत. या ओळखीची दुसरी बाजूही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. गाव आणि चव यांच्याबरोबर जातही पाहिली जाई, आणि विणकाम खात्यातून अस्पृश्यतेच्या कारणाने दूर ठेवलेल्या दलित कामगाराला जेवणासाठीही आपल्याच माणसांच्या घरचे पान शोधावे लागे. गिऱ्हाइकाला जवळून ओळखणाऱ्या या धंद्याने कोणाला गिऱ्हाईक मानायचे याची समाजाने आखलेली रेषा सहसा ओलांडली नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी मर्यादा होय.

तथापि खाणावळवालीने ओळखलेली सर्वांत महत्त्वाची गरज अन्नाची नव्हती, उधारीची होती. गिरणीत पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत पगार देणे बंधनकारक केले, त्याआधी तर याहून अधिक विलंब नेहमीचा होता. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाला याचा अर्थ असा की पहिला पैसा हातात पडेपर्यंत सहा आठवडे निघून जात. या काळात पठाणाकडून किंवा सावकाराकडून कर्ज काढावे तर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला 75 टक्के, हा दर सर्रास असे आणि त्याहून चढा दरही असे. अशा वेळी महिनाभर जेवू घालून पगाराच्या दिवशी पैसे घेणारी खाणावळ ही कामगाराच्या दृष्टीने पतपुरवठ्याची संस्थाच होती, आणि तिचा आधार नसता तर गिरण्यांना एवढे मनुष्यबळ शहरात टिकवून धरता आले असते की नाही, याची शंका वाटते. मालकांनी पगार थकवून ठेवल्याचा भार अशा रीतीने एका चुलीवर पडत होता, याची नोंद कोणत्याही गिरणीच्या ताळेबंदात झाली नाही.

उधार कोणाला द्यायचे हे ठरवताना बाई गहाणवट पाहत नसे. माणूस कोणत्या गावचा, कोणी आणला, कायम आहे की बदली, हे ती पाहत असे. बदली कामगार म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोज सकाळी फाटकावर उभा राहून काम मिळाले तरच मजुरी घेणारा कामगार. त्याची मिळकत अनिश्चित असल्याने त्याला जेवू घालणे जोखमीचे होते, पण तोच पुढे कायम होऊन वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक होण्याचीही शक्यता असे. न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणत आणि तो हिशेबातून वजा केला जाई, कारण शिमग्याला, गणपतीला किंवा पेरणीला गावी जाणाऱ्या माणसाकडून पूर्ण महिन्याचे पैसे मागितले तर तो परतल्यावर दुसरीकडे पान मांडील, हे अनुभवाने कळलेले असे. आजारपणात पेज, गावाकडच्या पत्राचे वाचन, बेताल पिणाऱ्याला दटावणी या गोष्टी नात्याच्या होत्या आणि व्यवसायाच्याही होत्या. त्यांची काटेकोर विभागणी करू पाहणारा अभ्यासक या धंद्याचे स्वरूपच चुकवतो.

गिऱ्हाइकाशी असलेल्या या जवळिकीची किंमत संपाच्या काळात मोजावी लागे. 1928 मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात असंख्य कामगार गावी गेले, आणि जे मुंबईत राहिले त्यांना उधारीवर जेवू घालण्याचे ओझे खाणावळींवर आले. कामगाराकडची वसुली थांबली तरी वाण्याचा तगादा थांबत नसे. धान्य उधारीने घेतल्यामुळे बाईला ते चढ्या भावाने मिळे, आणि थकबाकी वाढली की अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडे. 1974 च्या बेचाळीस दिवसांच्या संपातही खाणावळवाल्यांनी कामगारांना जेवण घातले आणि स्वतः कर्जात रुतल्या, ही बाब गोवा मुक्तिलढ्यातून येऊन गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हेरली. त्यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून या स्त्रियांना तारणाशिवाय लहान कर्जे मिळवून दिली. बँकेच्या दृष्टीने त्यांच्याकडे तारण ठेवण्यासारखे काही नव्हते. परंतु दर महिन्याच्या 10 तारखेला वसुली करून दुसऱ्या दिवशी वाण्याचे देणे फेडण्याची शिस्त त्यांच्या अंगी वर्षानुवर्षे मुरलेली होती, आणि मंडळाने विश्वास टाकला तो तिच्यावर.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातून गिरण्या पूर्ववत कधीच सावरल्या नाहीत. हजारो माणसे उधारी न फेडता गावी परतली; त्यात फसवणुकीपेक्षा असहायता अधिक होती. ज्यांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले त्या खाणावळवाल्यांपैकी काहींनी धंदा बंद केला, काहींनी कचेऱ्यांना डबे पुरवण्याचे काम धरले, काही पोळ्या लाटून देऊ लागल्या. कचेरीतल्या माणसाला तेल कमी हवे, डबा ठरल्या मिनिटाला हवा आणि उधारी नको, हे त्या लवकरच शिकल्या. गिरण्यांच्या जमिनींवर आज उभ्या असलेल्या मनोऱ्यांत या स्त्रियांच्या नावाची एक पाटीही नाही. कापडधंद्याने त्यांच्या उधारीवर अनेक दशके काढली, हे मान्य करून मुंबईच्या औद्योगिक इतिहासात त्यांना मजुरांच्या नव्हे, व्यावसायिकांच्या प्रकरणात स्थान देणे हे अभ्यासकांचे थकलेले देणे आहे.