दोन सरनोबत आणि एक गाव

सकाळची पाळी सुटायच्या वेळी चाकणच्या चौकात उभे राहिले तर कान बधिर होतात. कंपन्यांच्या बसगाड्या, मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कांद्याचे टेम्पो आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या. या गर्दीजवळच एक भुईकोट किल्ला आहे, हे रोज इथून जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. संग्रामदुर्ग त्याचे नाव. पडका तट, बुजत आलेला खंदक आणि चारी बाजूंनी दाटलेली वस्ती.

१६६० च्या पावसाळ्यात शाएस्ताखानाने या किल्ल्याला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा होते, मोजकी माणसे होती. तरी किल्ला छप्पन्न दिवस झुंजला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा मोगलांना आत शिरता आले. फिरंगोजींचे शौर्य पाहून खानाने त्यांना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते शिवाजी महाराजांकडे परत गेले. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. तिचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. मोगलांनी या गावाचे नाव बदलले. चाकणचे इस्लामाबाद झाले.

माणसांचे धर्मांतर होते तसे गावांचेही होते! पुढे १६६६ साली याच शाएस्ताखानाच्या फौजेने बंगालच्या टोकाला चाटगाव घेतले, तेही इस्लामाबाद झाले. १६७० साली मथुरेलाही तेच नाव मिळाले. आज या तिन्ही गावांना कोणी त्या नावाने ओळखत नाही. दप्तरात नाव बदलले, लोकांच्या तोंडातले बदलले नाही.

हे सगळे मला आठवायला एक प्रश्न कारण झाला. काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेत बसलो होतो. आमच्यात एक वयस्कर मामा होते. जुने, मायाळू कामगार. माझ्या कविता वाचणारे. त्यांनी सहज विचारले, ‘भाऊ, तुमचं मराठी एवढं चांगलं. मग तुमची माणसं नेमकी कधी बाटली हो?’

मामांच्या मनात काळेबेरे नव्हते. पण तो शब्द माझ्या चहात पडला. बाटणे. मला काही उत्तर सुचले नाही. घरी जाऊन मी पुस्तके काढली. नेताजी पालकरांची गोष्ट पुन्हा वाचली आणि यावेळी ती वेगळीच दिसली.

नेताजी हे महाराजांचे सरनोबत. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना दूर केले. ते आधी विजापूरकरांकडे गेले. तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी त्यांना पाच हजारी मनसब देऊन मोगलांकडे ओढले. लक्षात घ्या, इथपर्यंत दोन चाकऱ्या बदलल्या, पण धर्माचा प्रश्न कोणी काढला नाही. काढण्याचे कारणही नव्हते. स्वतः जयसिंग हिंदूच होते आणि औरंगजेबाचे सर्वांत मोठे सेनापती होते.

मग ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि सगळे चित्र पालटले. हा माणूस आता आपल्या जुन्या धन्याकडे पळेल, ही भीती बादशहाला वाटली. त्याच्या हुकमावरून नेताजींना बीडजवळच्या धारूरला पकडून दिल्लीला पाठवले. तिथे कैदेत असताना १६६७ च्या सुरुवातीला ते मुसलमान झाले. मुहम्मद कुली खान हे नाव मिळाले, मनसब मिळाली. मोगली कागद म्हणतात की त्यांनी स्वतःच तशी तयारी दाखवली. पण बेड्या घातलेल्या माणसाच्या ‘स्वतःच्या इच्छे’चे वजन किती धरायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इथे दोन शब्दांकडे पाहा. मोगलांच्या फारसी लिखाणात अशा प्रसंगी ‘शरफ’ हा शब्द येतो. म्हणजे मान. अमक्याला इस्लामचा मान लाभला, असे लिहितात. आपल्या बोलीत त्याच घटनेला ‘बाटणे’ म्हणतात. घटना एक, माणूस एक. एका दप्तरात त्याचा सन्मान झाला, दुसऱ्या बोलीत तो विटाळला. त्या माणसाला त्या रात्री काय वाटले, ते मात्र दोन्ही शब्दांत नाही.

बादशहाला नेताजींची श्रद्धा नको होती, त्याला जामीन हवा होता. ज्याच्या निष्ठेचा भरवसा नाही, त्याला असे बांधायचे की परतीचे दोर कापले जातील. जेवणाची पंगत बंद, सोयरिकी बंद, मग जाणार कुठे? म्हणून त्यांच्या कुटुंबालाही त्यात ओढले गेले आणि त्यांना दूर काबूलच्या सरहद्दीवर धाडले गेले. गंमत अशी की हा हिशेब बादशहापेक्षा आपल्या समाजाच्या जोरावर मांडलेला होता. आपण परत घेणार नाही, यावर बादशहाचा भरवसा होता.

महाराजांनी नेमका तोच भरवसा मोडला. सुमारे नऊ वर्षांनी मोगलांनी नेताजींना दिलेरखानाबरोबर दक्षिणेत आणले. संधी साधून ते निसटले आणि महाराजांकडे आले. जून १६७६ मध्ये प्रायश्चित्त देऊन त्यांना परत धर्मात घेतले. जेधे शकावलीत त्याची नोंद आहे. हे धर्मकृत्य होतेच, पण राजकारणही होते. परतीचा रस्ता उघडा आहे, असे त्यातून सगळ्या मोगली छावण्यांना कळले. संभाजी महाराजांनीही १६८६ मध्ये हर्सूलच्या गंगाधर कुलकर्णी यांना अशाच रीतीने परत घेतल्याचा दाखला आहे. सरनोबताला जे मिळाले ते एका कुलकर्ण्यालाही मिळाले, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आता दुसरे सरनोबत. नेताजींना दूर केल्यावर ती जागा कुडतोजी गुजरांना मिळाली. तेच प्रतापराव. १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत ते पडले. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि येसूबाईंबरोबर बालक शाहूराजे बादशहाच्या कैदेत आले. १७०३ साली औरंगजेबाने शाहूंना मुसलमान करण्याचा विषय काढला. त्यातून तडजोड निघाली, ती अशी, की शाहूंच्या बदल्यात प्रतापरावांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी धर्म बदलला. शाहू हिंदू राहिले आणि पुढे १७०८ मध्ये साताऱ्याला छत्रपती झाले.

खंडेराव परत फिरले नाहीत, मुसलमानच राहिले. शाहू छत्रपतींनी त्यांचे उपकार विसरले नाहीत. त्यांच्या घराण्याला सज्जनगडाच्या पायथ्याच्या परळी भागात उत्पन्न दिले, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे एका सरनोबताला परत घेऊन सन्मानले आणि दुसऱ्याच्या मुलाला परत न घेताही सन्मानले. खंडेरावांना ‘बाटलेले’ म्हणायला कोणाची जीभ उचलेल? राजाचा धर्म राखण्यासाठी त्यांनी आपला दिला.

हे फक्त आपल्याकडेच घडत होते असे नाही. फ्रान्सचा चौथा हेन्री प्रॉटेस्टंट होता. १५९३ साली गादी पक्की व्हावी म्हणून तो कॅथलिक झाला. आपल्या जवळच्या जुन्नरला ज्या मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला, त्याचा बाप पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, विजयनगरच्या लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे फिरिश्ता सांगतो. आणि तोच पुढे सांगतो की निजामशहांनी पाथरी जिंकल्यावर ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. त्या काळी धर्म बदलला तरी भाऊबंदकी आणि वतन यांचा धागा एकदम तुटत नसे.

पण ही सगळी मोठ्यांची गोष्ट झाली. ज्याच्या हाताखाली घोडदळ होते, त्याचे धर्मांतर कागदावर आले, कारण त्याने सत्तेचे पारडे हलत होते. ज्याच्याकडे घोडा नव्हता त्याची नोंद कोण ठेवणार? विणणारा मोमीन, सुगंध विकणारा अत्तार, पाने विकणारा तांबोळी, गावचा मुलाणी. यांचे पूर्वज कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने मुसलमान झाले? कुठे एखाद्या पिराच्या दर्ग्यावर जीव जडला असेल, कुठे धंद्याची सोय पाहिली असेल, कुठे जातीने केलेल्या अपमानातून सुटका शोधली असेल, कुठे भीतीही असेल. एका ओळीचे उत्तर नाही आणि तसे उत्तर देणाऱ्याने, मग तो कोणत्याही बाजूचा असो, पुरावा मागितला की गप्प बसावे लागते.

गावगाड्यात मात्र या माणसांची जागा ठरलेली होती. मुलाणी हा गावच्या बलुत्या-अलुत्यांमधला. त्याला धान्याचा वाटा मिळे आणि गावच्या सणात त्याचे काम असे. त्याची भाषा गावची भाषा होती. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान होते आणि सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहीत होते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरू मानत. धर्म बदलला म्हणजे भाषा आणि माती बदलते, असे त्या काळच्या माणसांना वाटत नव्हते. ते आपण नंतर शिकलो.

पुढे एकदा चहाला मी मामांना हे सगळे सांगितले. एका सुट्टीत संपले नाही, तीन दिवस लागले. शेवटी म्हणालो, ‘मामा, म्हणजे आपलं चाकणसुद्धा एकदा बाटलं होतं बघा.’

मामा खळखळून हसले. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘आमच्या गावच्या मुलाण्याला माझा आजा भाऊबंद मानायचा. तुमच्या घरी काय धंदा होता हो?’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. मी सांगितले, ‘आमचे आजोबा गावचे मुलाणीच होते. सुगीला खळ्यावर जाऊन बाजरी आणायचे.’

मामांनी दुसरा चहा मागवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)