वनपिंगळ्याची चिठ्ठी

सरकारी दफ्तरात चुकीची नोंद एकदा शिरली की तिचे निवारण होण्यास किती काळ लागतो, हे माझ्यासारख्या नोकरीपेशातील माणसास सांगावयास नको. अरण्याच्या दफ्तराचीही हीच गत आहे. सातपुड्यातील वनपिंगळ्याचा इतिहास याची साक्ष देईल.

आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात ब्ल्युइट यांना हा छोटा शिकारी पक्षी मिळाला. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. राष्ट्रसभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच हे ह्यूम. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू लुप्तच झाला.

त्या काळी पाहणीचे मुख्य साधन बंदूक. पक्षी मारावा, कातडे भरावे आणि त्यास स्थळकाळाची चिठ्ठी बांधावी. सारा भरवसा त्या चिठ्ठीवर! कर्नल माइनर्टझॅगन यांच्या संग्रहातील एका वनपिंगळ्यास १९१४ सालची, गुजरातेतील मांडवीची चिठ्ठी होती. ती अनेक दशके प्रमाण मानली गेली. वस्तुतः तो डेव्हिडसन यांचाच नमुना, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला! पामेला रासमुसेन यांनी कातड्याची बारकाईने तपासणी करून ही लबाडी उघडकीस आणली. खोटे स्थळ वगळून त्यांनी सहकाऱ्यांसह अस्सल स्थळे धुंडाळली. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात वनपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

आता बंदुकीची जागा कानाने घेतली आहे. ठराविक वाटेने जावे, ध्वनिमुद्रित हाक ऐकवावी, थांबावे आणि प्रत्युत्तराची नोंद करावी. साध्या पिंगळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून ठिपकेविरहित माथा व पंखांवरील रुंद पट्टे पाहावेत. हाक वारंवार ऐकविल्यास विणीत व्यत्यय येतो, हेही ध्यानी धरावे. याच सावध शोधातून मेळघाटातील वनपिंगळे नोंदले गेले, तर २०१४ साली तानसा अभयारण्यातही त्याचे दर्शन घडले.

प्रत्युत्तर आले नाही, म्हणजे पक्षी नाही, असे मात्र ठरत नाही. जो वनपिंगळा ११३ वर्षे कोणी पाहिला नाही, तो दिवसा उजेडी वावरणारा आहे. तो आपल्या रानातच होता. चुकला होता तो आपला कागद.