हैदराबादेतील बिऱ्हाड

आपल्या जिल्ह्यातील ज्ञातिबांधव आज पुण्या-मुंबईस निघताना घर कोणत्या भागात घ्यावे, याची चौकशी वडीलधाऱ्यांपाशी करितात. हा प्रश्न नवा नव्हे. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता व आपले मोठे शहर म्हणजे हैदराबाद. वरिष्ठ न्यायालय तेथे, मोठ्या कचेऱ्या तेथे, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही तेथेच. बीडास तेव्हा रेल्वे नव्हती. बैलगाडीने जालना गाठावे व तेथून काचीगुड्याची गाडी धरावी, असा तो प्रवास असे.

मराठी मंडळी बहुधा सुलतान बाजार, गौळीगुडा व काचीगुडा या मुसी नदीच्या उत्तरेकडील भागांत राहत. तरी अगदी काठाशी जागा घेऊ नये, असे वडील मंडळी बजावीत. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात सुमारे १५,००० माणसे दगावली, ती आठवण ताजी होती. सुलतान बाजाराचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. हा रेसिडेन्सी बाजाराचा भाग १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटाच्या अंमलाखाली असल्यामुळे संस्थानी पोलिसांचा हुकूम तेथे चालत नसे. १८९२ मधील आर्यसमाज व १९०१ मधील तेलुगु ग्रंथालय येथेच निघाले. स्वभाषेस आसरा मिळाला तो परक्या इंग्रजाच्या छायेत, हे विचित्र खरे.

परंतु कुटुंबवत्सल मनुष्यास शाळा अधिक मोलाची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी १९०७ साली काढलेली विवेकवर्धिनी याच परिसरात होती. राज्यकारभार १८८४ पासून उर्दूत चाले, विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी शिकावयाचे तर अशा शाळेजवळच राहणे प्राप्त होते. माझ्या आजोबांनी त्यासाठी गौळीगुड्यात दोन अंधाऱ्या खोल्या पत्करल्या. त्यांच्या चुलत बंधूंनी नदीपलीकडे ऐसपैस घर स्वस्तात घेतले. त्यांची मुले उर्दूत तरबेज झाली व त्यांना सरकारी नोकऱ्याही लवकर लागल्या, हे मान्य केले पाहिजे. आमचे वडील मात्र कित्येक वर्षे उमेदवारीच करीत राहिले. पण त्या मुलांची पत्रे बीडास येत ती उर्दूत. पणजीस ती गल्लीतील मुन्शीकडून वाचून घ्यावी लागत. घरातील सुखदुःख त्रयस्थापुढे उघडे होते म्हणून तिने पुढे पत्रे मागविणेच सोडले.

आपल्या वस्तीचा एक दोषही येथे नोंदविणे भाग आहे. आपल्यातील काही घरमालक जात विचारूनच खोली देत. आपली मुले शाळेत ज्यांच्या शेजारी बसत, त्यांच्याच वडिलांना हे मालक जिन्यावरून परत पाठवीत. वडील ही गोष्ट खाली मान घालून सांगत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठही निघाले. मग पुष्कळ बिऱ्हाडे उठली, त्यांत आमचेही होते. आत्या मात्र गौळीगुड्यातच राहिली. आपण का येत नाही, हे तिने वडिलांस एका कार्डावर मराठीत कळविले होते : थोरली यंदा चौथीत आहे आणि शाळा दोन गल्ल्या पलीकडे आहे.